कडेवर

तीस वर्षं मी गुंटूरला गलाईची भट्टी लावली,
विट्याकडची निम्मी माणसं कुठं ना कुठं लावतात तशी,
आणि चांदी वाचायचीही असते
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
चांदी घासायची, कस बघायचा, मुशीत टाकायची,
वर सवागीची चिमूट. मग ती पाण्यासारखी हलते
आणि कुणाचीच राहत नाही.

एकदा मोडीच्या पुडक्यात
झिजलेली जोडवी, तुटके तोडे, त्यांच्या मधे
एक जाड बिल्ला निघाला. एका बाजूला राजाचं मुंडकं,
दुसऱ्या बाजूला घोड्यावर नागडा माणूस.
वीज गेलेली, पंखा बंद,
म्हणून हातात फिरवत बसलो
तर नखाला कड खडबडीत लागली.

कडेवर अक्षरं होती. नंबर, मग शिपाई,
मग बिकू सलूंकी, मग मराठा पलटण.

तो मी वितळवला नाही. यात मोठं काही नाही.
त्याआधी तसले किती टाकले असतील,
तीस, चाळीस, कड न बघता.
तेजाबाचा तांबडा धूर खिडकीतून गेला
त्यात कोण कोण गेलं याची वही नाही माझ्याकडे.
घट तेवढी लिहिलेली आहे, गुंजांत.

धंदा पोराला दिला, गावी आलो,
बिकूला शोधायला लागलो.
सांगलीच्या सैनिक कल्याणातला साहेब भला होता,
चहा पाजला, म्हणाला, मामा, एवढं जुनं आमच्याकडं नसतं.
पलटणीला पत्र टाकलं. उत्तर आलं, गावाचं नाव कळवा.
गाव कळलं असतं तर पत्र कशाला टाकलं असतं?
आणि बिकू म्हणजे भिकू, की विकू, की बापू?
इंग्रज कारकुनाच्या कानात जे शिरलं
ते त्यानं ठशानं ठोकलं.
साळुंखे तर काय, ढेकूळ फेकावं त्याला लागेल.

येरळेच्या काठाकाठानं मोटरसायकलवर हिंडलो,
चावडीपुढचे दगड वाचत.
या गावातून एकोणीस असामी लढाईस गेले,
पैकी मयत चार.
एकोणीस कोण, ते दगडाला ठाऊक नाही.
माझ्या खिशात एक होता, त्याला गाव नव्हतं.

चौदावं गाव. कुठलं ते सांगत नाही, बाईनं नको म्हटलंय.
ठकूबाई, त्याची नात, ऐंशीच्या पुढची,
अंगणात चिंचा फोडत बसलेली.
भिकूच तो. आधीची चार भावंडं जगली नव्हती
म्हणून आईनं देवाकडून भीक मागून घेतलेला.
मी रुमाल सोडला. घसा आधीच दाटलेला,
वीर, बलिदान, असलं काहीबाही
वाटेत जुळवून आणलेलं.
तिनं बिल्ला तळहातावर तोलला.
"किती भार?"
पावणेतीन तोळे, मी म्हणालो.
"मग त्योच. हरवला नव्हता रं ह्यो.
आज्यानं सवताच्या हातानं इकला, इट्याच्या बाजारात.
बसऱ्यासनं आला, म्हणला, असला उघडा गडी
देवळीत ठिवून कुणाला दावायचा?
आन् माझा बा तान्हा, आजीला दूध न्हाई.
शेळी घेतली.
त्या शेळीवर बा जगला."

तुमचाच आहे, ठेवा, मी म्हणालो.
ती हसली, चिंचोका थुंकल्यासारखी.
"आता ठिवला तर शेळी माघारी द्यावी लागंल की."

नातसून दारात उभी होती. तिच्या कडेवरच्या पोरानं
हात पुढं केला, म्हणून म्हातारीनं दिला.
त्यानं तो तोंडात घातला, हिरड्यांनी कड चावली,
नावाचीच बाजू,
आणि रस येईना तसा भोकाड पसरलं.

रुमालात गुंडाळताना मी लाळ पुसली नाही.
रात्री घरी, सवयीनं, काट्यावर ठेवला.
घट काही नाही.